बोटीच्या ट्रेलरचा टायर सारखा फुटतोय किंवा झिजतोय? नवा घ्यायच्या आधी हे बघून घ्या

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं आहे ते ओळखा आणि मग पुढे वाचा.

नक्षी अजून चांगली खोल आहे, टायर दिसायला जवळपास नवाच, तरी चालू रस्त्यात फुटला, किंवा वरचा पट्टाच्या पट्टा सोलून निघाला आणि जाता जाता मडगार्ड पण फाडून गेला. हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं. दुसरं, टायरची एकच कड गुळगुळीत आणि बाकीची नक्षी तशीच. तिसरं, हवा भरून ठेवली तरी काही दिवसांत उतरलेली. चौथं, थोडं अंतर गेल्यावर थांबून हात लावला तर एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम. पाचवं, मागे ट्रेलर डुलतोय किंवा थरथरतोय. आणि शेवटचं म्हणजे साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक बारीक भेगा किंवा एखादा फुगा आलेला. फुगा असेल तर बाकीचं काही वाचायची गरज नाही, तो टायर काढा, त्यावर एक किलोमीटर पण जाऊ नका, आतले धागे तुटलेत आणि ते दुरुस्त होत नाहीत.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा, यावरच अर्धं काम होतं: दर वेळी तोच कोपरा जातो की वेगवेगळे? कधी डावा, कधी उजवा, कधी पुढचा असं होत असेल तर कारण टायरमध्ये, हवेत किंवा वजनात आहे. पण दर वेळी तेच चाक जात असेल तर टायरला दोष देणं सोडा, तिथे हब (चाकाचा मधला, बेअरिंगवाला भाग), ब्रेक, ॲक्सल (दोन्हीकडची चाकं ज्यावर बसतात तो दांडा) नाहीतर बोट बसायची पद्धत यातलं काहीतरी बिघडलंय आणि कितीही महागडा टायर टाकला तरी तो पण जाणारच. लोक नेमकं इथेच फसतात, टायर कंपनी बदलत राहतात आणि ट्रेलरकडे कोणी वाकून बघत नाही.

पहिली तपासणी, फुकटातली: हवा

गेज घ्या आणि टायर थंड असताना हवा बघा. थंड म्हणजे किमान तीन तास ट्रेलर हललेला नसावा आणि एका बाजूवर कडक ऊन पण नसावं. गाडीच्या टायरला 32-35 पीएसआय लागते म्हणून ट्रेलरला पण तेवढीच भरायची ही सवय बहुतेकांना असते आणि माझ्या अनुभवात फुटणाऱ्या टायरांचं एक नंबरचं कारण हेच. ट्रेलरच्या टायरमध्ये साइडवॉलवर लिहिलेली जास्तीत जास्त हवा, थंड असताना, पूर्ण भरायची असते. कुठल्याला 35 असते, कुठल्याला 50, 65, 80 पण असते. ट्रेलर बनवणाऱ्याच्या प्लेटवर वेगळा आकडा असेल आणि टायर मूळचाच असेल तर तो धरा.

कमी हवेनं नक्की होतं काय? साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि परत सरळ होते. तार वाकवून वाकवून तोडताना ती जशी गरम होते तसंच रबर आतून तापतं, आणि ट्रेलर तर तासन् तास एका वेगानं ओढला जातो त्यामुळे ती उष्णता जायला वेळच मिळत नाही. मग रबर आणि आतल्या पट्ट्याची पकड सुटते. फुटतो नंतर, कधी कधी पुढच्याच ट्रिपला, म्हणून लोक म्हणतात की हवा तर बरोबर होती हो. आज बरोबर होती, मागच्या वेळी नव्हती.

एक गोष्ट करू नका, रस्त्यात गरम टायरची हवा मोजून वाढलेली दिसली म्हणून सोडू नका. गरम झाल्यावर ती वाढणारच, ते धरूनच आकडा दिलेला असतो. आणि थंडीत परत मोजा, तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसनं उतरलं की एक पीएसआय आपोआप कमी होते.

दुसरी, ही पण फुकट: तारीख आणि भेगा

साइडवॉलवर डीओटी असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे बघा. 3522 असेल तर 2022 सालच्या 35व्या आठवड्यात बनलेला. ही पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि नेमकी ती बाजू आतल्या अंगाला फिट केलेली असते, मग टॉर्च घेऊन खाली झोपायचं किंवा मोबाइल आत घालून फोटो काढायचा.

बोटीचा ट्रेलर वर्षातले किती दिवस फिरतो? बाकी सगळा वेळ उभाच, उन्हात. त्यामुळे नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. टायरमधली रबर टिकवणारी रसायनं टायर फिरला की पृष्ठभागावर येत राहतात, उभ्या टायरला ते मिळत नाही. म्हणून मी तीन वर्षांनंतर दर सीझनला बारकाईनं बघतो आणि पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदलतो. नवा घेताना पण तारीख बघूनच घ्या, दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर तुमच्याकडे येताना दोन वर्षं म्हातारा होऊनच येतो.

भेगा बघायच्या असतील तर नक्षीच्या खोबणीच्या तळाशी आणि रिमजवळ बघा. नख अडकेल एवढी भेग असेल तर टायर गेला समजा.

तिसरी, साबणाच्या पाण्याएवढा खर्च: हवा उतरते कुठून

साबणाचं दाट पाणी करून ब्रशनं आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला लावा, मग व्हॉल्व्हच्या बुडाशी तो थोडा वाकवून, मग रिम आणि टायर जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी गोल फिरवून, आणि शेवटी नक्षीवर. बुडबुडे येतात तिथे गळती. व्हॉल्व्हच्या तोंडातून येत असेल तर पिन बदला, मिनिटाचं काम. बुडाशी येत असेल तर अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा, आणि इथे लक्षात ठेवा की साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण 65 पीएसआयपर्यंतचेच असतात, 80 वाला टायर असेल तर जास्त दाबाचा किंवा धातूचा व्हॉल्व्ह लागतो. टोपी बिनकामाची नाही, पाण्यात बुडणाऱ्या चाकाला तर नक्कीच नाही, वाळूचा एक कण पिनमध्ये अडकला तरी हवा हळूहळू जाते.

रिमच्या कडेला बुडबुडे आले तर बहुतेक वेळा गंज. खाऱ्या पाण्यात बुडणारा ट्रेलर असेल तर हे कधी ना कधी होणारच. टायर उतरवून रिमची बैठक तारेच्या ब्रशनं साफ करून, सील लावून परत बसवतात, हे टायरवाल्याकडूनच करून घ्या. रिमला खड्डे पडलेत किंवा नटांच्या भोकाजवळ तडा दिसतोय तर रिम बदला, वेल्डिंग वगैरे करून वापरू नका. खाऱ्या पाण्यासाठी गॅल्व्हनाइज्ड किंवा अॅल्युमिनियमची रिम घ्या.

पंक्चर असेल तर नक्षीच्या मधल्या भागातलंच काढायचं. खांद्यावर (नक्षी आणि साइडवॉल मिळतात तिथे) किंवा साइडवॉलला भोक असेल तर पंक्चरवाला कितीही म्हणाला की होऊन जाईल तरी नको.

चौथी: मुळात टायर बरोबर आहे का

आता साइडवॉल वाचायची. साइजच्या आधी एसटी असेल तर तो खास ट्रेलरचा टायर, त्याची साइडवॉल कडक असते. पी असेल तर कारचा, तो ट्रेलरला लावू नका, साइडवॉल मऊ असते, वळणावर ट्रेलर डुलतो आणि वजन कमी पेलतो. बऱ्याच देशांत एसटी लिहिलेले टायर मिळत नाहीत, तिथे व्यापारी गाडीचे टायर वापरतात, साइजच्या शेवटी सी असतो, उदाहरणार्थ 185आर14सी. त्याच्यावर लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघा: 91 म्हणजे 615 किलो, 98 म्हणजे 750, 101 म्हणजे 825. 102/100 असे दोन आकडे असतील तर पहिला एकट्या चाकाचा, दुसरा जोडचाकाचा, तुम्हाला पहिला धरायचा.

एसटीमध्ये लोड रेंज, म्हणजे वजन पेलायची श्रेणी, असते, बी, सी, डी, ई अशी. खरी गफलत इथे होते. एसटी175/80आर13 ही लहान ट्रेलरची नेहमीची साइज घ्या. त्यात बी आला तर एक टायर 35 पीएसआयला 499 किलो पेलतो, सी आला तर 50 पीएसआयला 617 किलो. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही, रिम तीच, नक्षी तीच, आणि स्वस्त पडतो म्हणून सी काढून बी बसवला जातो. एका ॲक्सलच्या ट्रेलरला म्हणजे सरळ 236 किलोची क्षमता गेली. याचंच दुसरं टोक असं की सी घेतला आणि त्यात 35 च भरली तर तो पण 499 किलोवरच आला, पैसे सीचे आणि काम बीचं. अक्षर जास्तीचं घेतलं म्हणून ताकद येत नाही, ती हवेनं येते. आणि वरच्या रेंजचा टायर घेताना रिमवर पण तेवढ्या हवेची आणि वजनाची मर्यादा कोरलेली आहे का बघा.

वेग पण बघा. वेगाचं अक्षर नसलेले एसटी टायर ताशी 105 किलोमीटरपर्यंतच धरायचे. एल असेल तर 120, एम असेल तर 130. म्हणजे तेवढ्यानं पळवाच असं नाही.

रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे) आणि बायस (धागे तिरके) टायर एका ट्रेलरवर एकत्र लावू नका. लांब अंतर, हायवे असेल तर रेडियल, तो कमी तापतो. बोट धक्क्यापासून घरापर्यंतच नेत असाल तर बायस पण चालतो.

पाचवी, एक फेरी मारावी लागेल: वजन

कंपनीच्या कागदावर बोटीचं जे वजन असतं त्यात बहुतेक वेळा पेट्रोल, पाणी, बॅटरी, नांगर, साखळी धरलेलं नसतं, कित्येकदा इंजिन पण नाही. 200 लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास 150 किलो. वर लोक ट्रेलर आहेच म्हणून कूलर, तंबू, सायकली सगळं बोटीत भरतात. जशी नेता तशी पूर्ण भरलेली बोट वजनकाट्यावर न्या, आधी फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, आणि काटेवाला तयार असेल तर एका बाजूचीच चाकं चढवून पुन्हा करा. एका बाजूचा आकडा त्या बाजूच्या चाकांनी भागा आणि टायरच्या क्षमतेशी ताडा. 15-20 टक्के शिल्लक राहिली पाहिजे, नेमकी काठोकाठ असेल तर टायर वाचणार नाही.

पाण्याचं विसरू नका, बोटीच्या तळातलं. वर काढल्यावर तळाचा प्लग उघडला नाही तर आत राहिलेलं 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि ते ब्रेक मारला की पुढे, चढ आला की मागे असं पळत असतं.

आता दोन्ही बाजूंच्या वजनात मोठा फरक आला तर बोट ट्रेलरवर वाकडी बसतेय. बोट पाण्यातून काढायच्या उतारावर बाजूनं प्रवाह किंवा वारा असेल तर बोट तिरकी चढते आणि पट्टे तसेच आवळले जातात. मागे उभं राहून बघा, बोटीचा कणा मधल्या रोलरवर आहे का, आणि दोन्हीकडे बोट ते मडगार्ड अंतर सारखं आहे का. वाकडी असेल तर परत थोडं पाण्यात सोडून सरळ करून घ्या, कंटाळा करू नका.

ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पण बघा. गाडीला जोडल्यावर ट्रेलर समतल दिसला पाहिजे. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला, विशेषतः टॉर्शन ॲक्सल (स्प्रिंगऐवजी आतल्या रबरावर दबणारा) असेल तर, नाक वर राहिलं की सगळा भार मागच्या चाकांवर जातो आणि मागचेच टायर फुटत राहतात. हुकाची उंची बदलली की प्रश्न संपतो, मी हे कित्येकांचं असंच सोडवलंय आणि दर वेळी समोरच्याला वाटतं की एवढंच होतं? डुलण्याचा त्रास असेल तर हुकावरचं वजन कमी पडतंय का बघा, बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के असावं, विंचचा (बोट ओढून घ्यायच्या रहाटाचा) खांब थोडा पुढे सरकवून बोट पुढे घेता येते.

सहावी: तेच चाक तापतंय, तर हब बघा

आता जॅक लागणार. सपाट जागा, ट्रेलर गाडीला जोडलेला, गाडीचा हँडब्रेक, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढे-मागे लाकडाची किंवा दगडाची ओट. जॅकवर असलेल्या ट्रेलरखाली शिरायचं नाही, खाली स्टँड लावा.

चाक उचललं की वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल. मग हातानं फिरवून ऐका, घरघर आली तर बेअरिंग गेलं. चाकाच्या आतल्या अंगाला, रिमवर मध्यापासून बाहेर पसरलेली ग्रीसची रेघ दिसली तर मागचं ऑइल सील फाटलंय, बऱ्याचदा हबच्या टोपीवरच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीसगननं दाबून दाबून भरल्यामुळे. टोपी काढून बोटावर थोडं ग्रीस घ्या: पांढरट दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

पाणी शिरतं कसं तर गरम हब थेट थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून धक्क्यावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात ढकलू नका, पट्टे सोडणं, प्लग लावणं, सामान चढवणं हे आधी करा, तोवर हब गार होतो. स्प्रिंगवाली टोपी बसवली तर आत थोडा दाब राहतो आणि पाणी कमी शिरतं, पण ती आहे म्हणून बेअरिंग उघडून बघायचंच नाही असं नाही. वर्षातून एकदा उघडून, धुऊन, पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस भरून, नवं सील लावून बसवा. कधी केलं नसेल तर पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी उभं राहून शिका, नट जास्त आवळला तर नवं बेअरिंग पण जळतं.

बेअरिंग ठीक आहे तरी चाक तापतंय आणि हातानं फिरवताना जड जातंय? ब्रेक चिकटलाय. खाऱ्या पाण्यानं कॅलिपर किंवा ड्रमचे भाग गंजतात आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही, ती उष्णता रिममधून टायरला जाते. दर वेळी गोड्या पाण्यानं चाकं आतून धुतली तर हे बरंच टळतं. चिकटलेला ब्रेक मात्र स्वतः ठोकून सोडवू नका, मेकॅनिकला द्या.

सातवी: एकच कड झिजतेय

नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं बोचलं तर चाक तिरकं ओढलं जातंय. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी किंवा वजन जास्त, मधेच झिजला असेल तर वजनाच्या मानानं हवा जास्त, आणि जागोजागी खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग नाहीतर सैल बेअरिंग. एकाच कडेचं मात्र ॲक्सलचं दुखणं.

टेप घ्या. हुकाच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत अंतर मोजा, तीनेक मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर ॲक्सल सरकलाय, यू-बोल्ट सैल झालेत का बघा. मग एकाच ॲक्सलच्या दोन टायरांमधलं अंतर पुढच्या बाजूनं आणि मागच्या बाजूनं मोजा. इथे ठळक फरक आला तर ॲक्सल किंवा चाकाची दांडी (ॲक्सलचं टोक, ज्यावर हब फिरतो) वाकलीय. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला आखूड वळणात टायर आडवे घासतातच, त्यामुळे खांद्यावर थोडी झीज दिसली तर लगेच घाबरू नका. आणि हो, मडगार्डच्या आतल्या बाजूला घासल्याची चकाकी आहे का तेही बघा, खड्ड्यात स्प्रिंग दबली की वरून टायर कापला जात असेल.

सगळं ठीक करून नवे टायर टाकले की नट क्रमानं समोरासमोरचे आवळा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं आवळता येतो असा) वापरा, आकडा ट्रेलरच्या पुस्तकातला, आणि 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर परत एकदा आवळा. बॅलन्सिंग करून घ्या, ट्रेलरला कशाला म्हणणारे भेटतील, करून घ्याच. दोन ॲक्सलवाल्यात एक टायर फुटला असेल तर त्याच बाजूचा जोडीदार पण काढून आतून तपासा, फुटल्यानंतर थांबेपर्यंत त्यानं दोघांचं ओझं वाहिलंय. ट्रेलर लांबवर उभा राहणार असेल तर हवा पूर्ण, टायरवर कापड किंवा कव्हर, खाली फळी, आणि चमकवायचे पेट्रोलियमवाले स्प्रे अजिबात नकोत. स्टेपनीची तारीख पण बघा, ती कधीच फिरलेली नसते तरी म्हातारी झालेलीच असते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ॲक्सल वाकलाय, फ्रेमला किंवा वेल्डिंगला तडा आहे, ब्रेक चिकटलाय किंवा ब्रेक ऑइल गळतंय, हब उघडल्यावर दांडी निळसर पडलेली किंवा चरे पडलेली दिसतेय, चाकाचा स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटलाय: यातलं काहीही असेल तर ट्रेलर आहे तिथेच राहू द्या आणि ट्रेलरचं काम करणाऱ्यालाच बोलवा. वाकलेला ॲक्सल गरम करून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, बदलून घ्या. रस्त्यात वाहतुकीच्या बाजूचा टायर गेला असेल आणि कडेला पुरेशी जागा नसेल तर चाक बदलायला बसू नका, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा आणि टोइंगवाल्याला फोन करा. मेकॅनिकला फक्त टायर फुटला एवढंच सांगू नका, कुठला कोपरा, आतली कड की बाहेरची, टायरची तारीख, थंड असताना किती हवा होती आणि काट्यावर किती वजन आलं हे सगळं कागदावर लिहून द्या आणि जमलं तर फुटलेला टायर पण सोबत न्या, फेकू नका, त्याच्या आतल्या बाजूला सगळीकडे रबराचा काळा भुगा असेल तर तो कमी हवेवर पळालाय हे जाणकार बघताच सांगतो.